सिंगापूरच्या आधी पोलादपूर

गेल्या खेपेला पावसाळ्याच्या बेगमीबद्दल लिहिलं होतं. सांडगे-पापडांच्या कितीतरी नव्या कृती तुम्ही कळवल्यात, त्या पुढच्या अंकासाठी राखून ठेवते. कारण मध्येच एक पत्र आलं आणि ते वाचल्यापासून दुसरं काही लिहावंसंच वाटेना.

पत्र पोलादपूरकडच्या एका भगिनींचं आहे. लेक दुबईला दिलेली, तिला सातवा महिना. जावई म्हणतात, "दोघंही या." पण यजमान चार वर्षांपूर्वीच्या अपघातापासून चाकांच्या खुर्चीवर. कमरेखाली काही चालत नाही, बाकी माणूस खणखणीत. आता सगळे नातेवाईक सांगताहेत, "तू एकटीच जा. त्यांना कुठं फिरवत बसतेस? तीन महिने कुणाकडे तरी ठेवू." भगिनी विचारतात, "ताई, तुमच्या सासूबाई खुर्चीवरून सिंगापूरला जाऊन आल्या असं कळलं. खरंच जमतं का हो? की मी यांना कुणाकडे तरी ठेवूनच जाऊ?"

'ठेवून' हा शब्द वाचला आणि काळजात चर्र झालं. कारण एके काळी आमच्या घरातही हाच शब्द होता.

आमच्या सासूबाईंचं मणक्याचं दुखणं २०१८ सालचं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण पाय गेले ते गेलेच. आमचं घर महाडच्या जुन्या वस्तीत. खाली ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. सासूबाई खालच्या खोलीत असायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायच्या, भाजीवालीशी घासाघीस करायच्या. माझी शाळा सुटेपर्यंत घरावर त्यांचाच अंमल चालायचा.

मग २२ जुलै २०२१ ची ती रात्र आली. महाडकरांना सांगायला नको. सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगल्या आणि बघता बघता पाणी ओटीवर चढलं. आमच्या ह्यांनी आणि शेजारच्या दोन मुलांनी सासूबाईंना चादरीच्या झोळीत घातलं आणि अंधारात जिन्यावरून वर नेलं. खुर्ची खालीच राहिली. पाणी ओसरलं तेव्हा ती चिखलात लडबडलेली सापडली, बेअरिंगांत गाळ बसलेला.

त्यानंतर आम्ही काय केलं? सासूबाईंना वरच ठेवलं. "परत पाणी आलं तर?" या भीतीने एक पावसाळा गेला, दुसरा गेला. नवी खुर्ची आणली, तीही वरच. ताट वर जायचं, चहा वर जायचा, डॉक्टर वर यायचे. दोन वर्षं त्या माउलीने खिडकीतून महाड बघितलं. आम्ही त्यांना जपत होतो, मैत्रिणींनो. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

२०२३ च्या दिवाळीत सिंगापूरहून धाकट्या भाऊजींचा फोन आला. बाळाचा पहिला वाढदिवस जानेवारीत, सगळ्यांनी यायचं. खाली माजघरात बसून आम्ही बेत केला. मी आणि मुलं जाऊ, ह्यांनी आईंजवळ राहावं, नाहीतर आईंना पंधरा दिवस पोलादपूरला मामांकडे ठेवावं. सगळं ठरवून मी वर सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, माझे पाय गेलेत. कान आणि तोंड आहे अजून. मला कुणी विचारलंत का, मला यायचंय का म्हणून?"

मी खाली आले आणि बेत पहिल्यापासून मांडला.

म्हणून, भगिनी, तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच. जमेल की नाही हा प्रश्न मागाहून. आधी यजमानांजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला यायचंय का?" नाही म्हणाले तर का नाही तेही विचारा. बरेचदा माणूस "नको" म्हणतो तेव्हा त्याला "तुम्हाला त्रास नको" असं म्हणायचं असतं.

आणि पूर्वी कुणी गेलंच नाही असं समजू नका. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ साली ते जर्मनीत हायडेलबर्गला गेले आणि ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक घेऊन आले. तेव्हा ना आजच्यासारखे विमानतळ होते, ना आजच्यासारखे नियम. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्रही वाचनालयातून जरूर आणा. सासूबाईंनी ते दोनदा वाचलं.

आता आमची गंमत ऐका. पासपोर्ट आणि व्हिसाच्या कामांबरोबर आम्ही रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. सासूबाईंचं माहेर पोलादपूर तालुक्यात. महाडहून पोलादपूर म्हणजे हायवेने जेमतेम वीस किलोमीटर, पण सहा वर्षांत त्या माहेरी गेल्या नव्हत्या. म्हटलं, सिंगापूरच्या आधी पोलादपूर!

त्या एका दिवसाने आम्हाला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. एस.टी.ची पायरी चढणं शक्य नव्हतं, म्हणून गाडी ठरवली. खुर्चीतून गाडीत बसवायचं कसं? आम्ही सगळे उचलायला धावलो, आणि कुणी काखेत धरतोय, कुणी पायाला, अशी तारांबळ उडाली. मामांच्या घरी पोचलो तर तीन पायऱ्या. भाचे मंडळी उत्साहाने धावली आणि खुर्चीसकट उचलून मोकळी झाली. सासूबाई कडाडल्या, "मी काय भाताचं पोतं आहे? आधी सांगा, मग उचला!" पुढे न्हाणीघराचं दार २२ इंची निघालं आणि खुर्ची २५ इंची. बाईमाणसाची त्या वेळी काय अडचण झाली असेल ते तुम्हाला सांगायला नको. येताना मला कळलं की त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

पण अंगणातल्या फणसाखाली भावाशेजारी बसून त्या चार तास बोलल्या. गाडीत बसताना म्हणाल्या, "जमलं की गं. आता सिंगापूर."

त्या तालमीतून आणि पुढच्या प्रवासातून जे हाती लागलं ते क्रमाने सांगते. कात्रण काढून ठेवा.

१. टेप घ्या आणि मापं लिहा. खुर्चीची रुंदी, लांबी, वजन आणि घडी केल्यावरची उंची. मग लेकीकडच्या बिल्डिंगची लिफ्ट, बेडरूम आणि बाथरूम यांच्या दारांची मापं मागवा. दार निदान ३२ इंच हवं. "आमच्याकडे सगळं मोठं आहे हो" या उत्तरावर जाऊ नका, आकडा मागा. भाऊजींनीही आधी असंच सांगितलं होतं. मोजल्यावर बाथरूमचं दार अरुंद निघालं, म्हणून आतमध्ये जाण्यापुरती एक अरुंद चाकांची खुर्ची त्यांनी आणून ठेवली.

२. सुताराकडून फळी करून घ्या. साधारण ३० इंच लांब, ९-१० इंच रुंद, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळती. खुर्ची आणि गाडीची सीट यांच्यावर ही फळी टाकायची आणि हाताच्या जोरावर सरकत जायचं. खुर्चीचा ब्रेक आधी लावायचा, हे विसरू नका. आठवडाभर सराव केल्यावर सासूबाई आमच्या आधाराने गाडीत बसू लागल्या. उचलायला तीन माणसं लागायची ती एकावर आली.

३. तिकीट काढतानाच विमान कंपनीला खुर्चीची मदत लागेल असं नोंदवा, निदान ४८ तास आधी तरी. यात तीन प्रकार असतात. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, तो एक. पायऱ्या चढता येत नाहीत पण विमानात चार पावलं टाकता येतात, तो दुसरा. अजिबात चालता येत नाही, तो तिसरा. तुमच्या यजमानांसाठी तिसरा सांगा, त्याला डब्ल्यू.सी.एच.सी. म्हणतात. ही अक्षरं तिकिटाच्या कागदावर आहेत ना, ते बघा. नाहीतर जागेवर न्यायला अरुंद खुर्ची येत नाही आणि मग पुन्हा उचलाउचल.

४. अपंग प्रवाशाची स्वतःची खुर्ची सामानाच्या वजनात धरत नाहीत, तिचे पैसे पडत नाहीत. विमानाच्या दारापर्यंत आपल्याच खुर्चीवर जायची मागणी करा. खुर्ची देण्याआधी तिचा फोटो काढा, नाव-पत्ता चिकटवा, आणि गादी व सुटे होणारे भाग काढून स्वतःजवळ ठेवा. आम्ही जाताना हे केलं, येताना कंटाळा केला, आणि पाय ठेवायचा एक भाग कुठे गेला तो आजवर कळला नाही. खुर्ची बॅटरीवर चालणारी असेल तर बॅटरीचा प्रकार आणि ताकद आधीच कळवावी लागते.

५. पाणी तोडू नका. बायका हमखास हेच करतात, पण लघवीचा त्रास, बद्धकोष्ठ, चक्कर अशी पुढची दुखणी त्यातूनच उभी राहतात. मोठ्यांचे डायपर, जास्तीचे कपडे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि ओले रुमाल हाताच्या बॅगेत ठेवा. लाज कसली त्यात? तुमच्या यजमानांना कॅथेटर असेल तर पिशवी कधी रिकामी करायची ते डॉक्टरांना विचारून घ्या.

६. ज्यांना कमरेखाली जाणीव नाही त्यांना बसल्या जागी जखम होतेय हे कळत नाही. बेडसोअर एकदा झाला की महिनोन्‌महिने भरत नाही. खुर्चीची गादी विमानाच्या सीटवर घाला. दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं किंवा कुशीवर झुकायचं. मोबाईलला गजर लावा. मुक्कामी पोचल्यावर पाठ, बैठक आणि टाचा बघून घ्या.

७. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. प्रवासाचा विमा काढताना जुन्या दुखण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या. आणि लक्षात ठेवा, दुसरं आजारपण नसेल, नुसती चढ-उतारापुरती मदत हवी असेल, तर वैद्यकीय दाखल्याची सक्ती करू नये असा आपल्या विमान वाहतूक खात्याचा नियम आहे.

नियमांचं म्हणाल तर ते आपोआप झाले नाहीत. २०१२ साली जीजा घोष नावाच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाईंना गोव्याच्या परिषदेला निघालेल्या असताना कोलकात्याला विमानातून उतरवलं गेलं. त्या गप्प बसल्या नाहीत. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. २०२२ मध्ये असंही ठरलं की केवळ अपंगत्वाच्या कारणाने कुणालाही विमान नाकारता येणार नाही, आणि तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर डॉक्टरकडून तपासून घेतलं पाहिजे. तुमच्या-आमच्यासारख्या चार जणी अडून बसल्या म्हणून पुढच्यांची वाट सुकर झाली.

एक गोष्ट मात्र आपल्यालाही सांगायची. चालता येत असूनही रांग टाळायला खुर्ची मागणारे लोक आपण पाहतो. आम्ही परतलो त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याला दोघांना मिळून एकच खुर्ची मिळाली. ८० वर्षांचे आजोबा पत्नीच्या खुर्चीबरोबर चालत निघाले, वाटेत कोसळले आणि गेले. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. पण आजींचा माणूस त्याने परत आला का? धडधाकट माणसाने खुर्ची अडवली की ती कुणाला तरी कमी पडते.

आता सिंगापूरचं सांगते. भाऊजींच्या बिल्डिंगपासून बसथांब्यापर्यंत एकही पायरी नाही. बस आली, ड्रायव्हर खाली उतरला, दारातली फळी उघडून टाकली. सासूबाई स्वतः चाकं फिरवत आत गेल्या. खुर्चीची जागा ठरलेली, तिथे पाठमोऱ्या टेकून बसल्या. कुणी "अरेरे" म्हणालं नाही, कुणी वळून बघितलं नाही. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "अगं, कुणी बघतसुद्धा नाहीये माझ्याकडे!" कौतुक झाल्यावरही त्या एवढ्या सुखावल्या नसत्या.

भाऊजींकडून कळलं की तिथेही पहिल्यापासून असं नव्हतं. १९८७ साली त्यांची शहरी रेल्वे सुरू झाली तेव्हा खुर्चीवाल्यांची सोय केलेलीच नव्हती, लिफ्ट मागाहून बसवल्या. सरकारी इमारतींच्या लिफ्ट पूर्वी प्रत्येक मजल्यावर थांबतही नसत. २००१ पासून त्या बदलायला घेतल्या. इमारतींसाठी नियम १९९० चा, आणि सगळ्याच्या सगळ्या बसगाड्या खुर्चीजोग्या व्हायला २०२० साल उजाडलं. म्हणजे त्यांनाही तीस वर्षं लागली. आणि परदेश म्हणजे सगळीकडे असंच, असंही नाही. लंडनच्या बसमध्ये खुर्ची जाते, पण तिथल्या जुन्या भुयारी रेल्वेच्या पुष्कळ स्टेशनांवर अजून लिफ्ट नाही. तुमच्या दुबईचं ठीक आहे. तिथली मेट्रो २००९ सालची, लिफ्ट सगळ्या स्टेशनांवर. तरी लेकीच्या घरापासून स्टेशनपर्यंत फुटपाथ कसा आहे ते जावयांना चालून बघायला सांगा. ऊनही फार असतं, तेव्हा बाहेर पडायचं ते सकाळी नाहीतर संध्याकाळी.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारी आम्ही जावाजावा बाळाला झोपवत होतो. बाहेर आलो तर सासूबाई जागेवर नाहीत. खोल्यांत नाहीत, बाल्कनीत नाहीत. माझ्या हातापायांतलं बळच गेलं. मी लिफ्टने खाली धावले, तर समोरून स्वारी येतेय. मांडीवर कोथिंबिरीची जुडी आणि दुधाची पिशवी. खालच्या दुकानात जाऊन आल्या होत्या. मराठी आणि खुणा यांच्या जोरावर सुटे पैसेसुद्धा मोजून घेतले होते.

मी रागावणार होते. पण त्या म्हणाल्या, "सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला न सांगता घराबाहेर पडले गं. रागावू नकोस." मग काय बोलणार? तिथेच लिफ्टपाशी आम्ही दोघी डोळे पुसत उभ्या. उभी मी, त्या बसलेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचा जीव त्यांच्यावर होताच. पण आम्ही त्यांना नेत होतो, आणत होतो, ठेवत होतो. त्यांना स्वतःहून जाता येईल अशी सोय मात्र कधी केली नाही, आणि त्यासाठी सिंगापूरएवढा पैसाही लागत नव्हता.

महाडला परतल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे सासूबाईंना पुन्हा खालच्या खोलीत आणलं. ओटीच्या दोन पायऱ्या मिळून एक फूट उंच. उताराचा हिशेब सोपा असतो, एक इंच उंचीला एक फूट लांबी. म्हणजे बारा फुटांचा उतार. ओटीच्या कडेने गवंड्याकडून करून घेतला, वर खरखरीत लादी आणि बाजूला कठडा. पावसाळ्याचंही ठरवून टाकलंय. नदीच्या पाण्याचा इशारा आला की अंधार पडायच्या आत सासूबाई वर जाणार, खुर्चीसकट. शेजारच्या दोन मुलांना सांगून ठेवलंय, उचलायची रीत सासूबाईंनी स्वतः शिकवलीय. पाणी उतरलं की त्या खाली. एका रात्रीच्या पुरासाठी दोन वर्षं कोंडणं आता नाही.

रोज संध्याकाळी त्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. पुढे रस्ता खराब आहे, गटारावरची एक लादी तुटलीय. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिलाय आणि तो द्यायलाही स्वतःच जाणार म्हणतात. त्या कचेरीला किती पायऱ्या आहेत ते मी उद्या शाळेतून येताना मोजून येणार आहे.

तेव्हा, पोलादपूरच्या भगिनी, लेकीचं बाळंतपण मोठं काम, तुम्ही जा. आणि यजमान 'हो' म्हणाले तर त्यांना घेऊनच जा. आजोबांच्या मांडीवर नातवंड बसायला त्यांचे पाय चालायची गरज नाही. मात्र दुबईच्या आधी एकदा महाडला या. वीस किलोमीटर म्हणजे तालमीला अगदी बेताचं अंतर. आमच्या उतारावरून खुर्ची सरळ आत येते, न्हाणीघराचं दार आता ३४ इंची आहे, आणि सासूबाईंनी निरोप दिलाय, "त्यांना म्हणावं, सकाळपासून पाणी भरपूर पिऊन या."

बाकीच्या मैत्रिणींनो, तुमच्या घरी, शेजारी कुणी असं वरच्या खोलीत किंवा मागच्या खोलीत 'ठेवलेलं' आहे का? आज ताट नेऊन द्याल तेव्हा जरा शेजारी बसा आणि विचारा, कुठं जायचंय का म्हणून. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.